निशिगाकीचे बूट सैल करताना

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी निशिगाकीचे बूट नाहीसे झाल्याचं कळलं.

ही वेळ मी अंदाजाने सांगत नाही. मुसाशिहारा उद्यानात, गिंकोच्या झाडांच्या रांगेजवळ आमची निळी ताडपत्री अंथरलेली होती. सहलीचा प्रमुख मी होतो आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'दोन दहा : आवराआवर, दोन पंधरा : तळ्याकडे प्रस्थान' असं मीच लिहिलं होतं. निशिगाकी ताडपत्रीच्या कडेला बसला, एक पाय बुटात घालायला गेला आणि तो पाय तसाच हवेत धरून म्हणाला, "कुरामोची, हे माझे नाहीत."

बूट तपकिरी होते. निशिगाकीचेही तपकिरीच होते. पण त्याचे साडेसव्वीस नंबरचे आणि कोरे करकरीत. हे पंचवीसचे, टाचेला बाहेरच्या बाजूने झिजलेले. मी सगळीकडे पाहिलं. ताडपत्री उचलून पाहिली. डब्यांच्या पिशवीतही पाहिलं. घाबरलेला माणूस बूट कुठे शोधेल याला धरबंध राहत नाही.

हे बूट साधे नव्हते. निशिगाकीने चाळीस वर्षं तोफू केला. पहाटे अडीचला उठून रबरी गमबूट चढवायचे आणि दुकान बंद झाल्यावर रबरी चपला. चामड्याचे बूट त्याच्याकडे नव्हतेच. त्याची बायको तामाए तीन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधीच्या वसंतात तिने हे बूट आणून कपाटात ठेवले आणि सांगितलं, "चिहायाचं लग्न ठरेल तेव्हा घाला. नाहीतर तुम्ही गमबूट घालून जाल. तुमचा भरवसा नाही."

आता त्यांच्या मुलीचं, चिहायाचं लग्न ठरत होतं. मुलाचे आईवडील यामागाताहून येणार होते आणि त्याच रविवारी संध्याकाळी साडेपाचला, उद्यानाच्या दक्षिण दरवाजासमोरच्या 'मात्सुनोए' उपाहारगृहात दोन्ही घरांची पहिली भेट होती. चिहायाने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, भाषण नको, काही नको. आईने घेतलेले बूट तेवढे घाला."

मग ते बूट सहलीला कशाला आणले, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर देणं मला जड जातं, कारण ती कल्पना माझी होती.

बूट फार घट्ट होते. निशिगाकीने घरात घालून पाहिले आणि जिना उतरता उतरता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आम्हा शाळेतल्या मित्रांना आणि शेजाऱ्यांना विचारलं आणि तिथेच चुकला. आमच्या इमारतीत खाली राहणाऱ्या ओनुकी बाई म्हणाल्या, ओलं वर्तमानपत्र कोंबा. उदागावा म्हणाला, हातोडीने ठोक. उदागावा सुतार होता, त्यामुळे त्याच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी हातोडीने सुधारतात. इसोगाईने तीस वर्षं गरम पाण्याच्या झऱ्याकाठी सराय चालवली आहे. तिचं म्हणणं, पिशवीत पाणी भरून पिशवी बुटात ठेवायची आणि बूट रात्रभर फ्रीझरमध्ये. निशिगाकीने तेही केलं. सकाळी बुटात बर्फाचे दोन पाय तयार झाले होते आणि ते बाहेर निघायला दुपार झाली. एवढं होऊन बूट होते तसेच.

मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. मला जादूटोणा पटत नाही. मी शांतपणे सांगितलं की बूट सैल होतात ते चालण्याने. रविवारी सकाळी दहा ते तीन सपाट, मऊ मातीवर चालायचं, चारला तोंड धुवायचं आणि तिथूनच सरळ मात्सुनोएत. रंग बदललेली पानंही बघून होतील. सगळ्यांना हे पटलं. एखादी योजना सगळ्यांना एकदम पटली की थांबावं, हे मला आता कळतं.

तर आता बूट गेले कसे, हे पाहू. मी जागीच चौकशी केली.

आमच्या ताडपत्रीला ताडपत्री लावून एका हायकू मंडळाची बैठक होती. अकरा जण, सगळे सत्तरीच्या आसपास, पानांकडे बघून बोटांवर अक्षरं मोजणारे. मधल्या पट्टीत त्यांचे बूट आणि आमचे बूट. जेवणानंतर इसोगाई हात धुवून आली तेव्हा तिने ते पाहिले: काहींची तोंडं इकडे, काहींची तिकडे, एक कुशीवर पडलेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? लावले," इसोगाई म्हणाली. "सगळ्यांची तोंडं बाहेर केली. तीस वर्षांची सवय आहे रे. वाकडा बूट दिसला की मला घास गिळत नाही."

"आपले लावलेस ना?"

"आपले लावायचे आणि शेजाऱ्यांचे वाकडे ठेवायचे? बरं दिसतं का ते?"

"सगळे एकत्र?"

"रंगाप्रमाणे," ती म्हणाली. "काळ्याशेजारी काळे. तपकिरीशेजारी तपकिरी. फार छान दिसत होते."

मी हादरलो. पण तिला बोलायचं तरी काय? शेजाऱ्यांचे बूट नीट लावणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही. उलट हायकू मंडळातल्या एका बाईंनी जाताना कमरेत वाकून तिचे आभार मानले होते. मंडळ दोनला पाच कमी असताना उठलं, गडबडीने, कारण त्यांची बस होती. त्यातल्या कोणीतरी तपकिरी बुटात पाय घातला, आणि सत्तरीतल्या माणसाला बूट सैल लागले तर तो आपल्या पायांना दोष देतो, बुटाला नाही.

"हेच घाल आता," उदागावा म्हणाला.

निशिगाकीने प्रयत्न केला. चवडा गेला, टाच बाहेर. उदागावाचे स्वतःचे बूट एकोणतिसाचे, नारिंगी, अंधारात चमकणारे. माझे साडेचोवीस. इसोगाईच्या बुटांचा विचारही कोणी केला नाही.

इथे मी दिवसातली दुसरी चूक केली. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन असं मला वाटतं, आणि त्याचंच मला दुःख आहे. मी म्हणालो, "हे परक्याचे बूट आहेत. कार्यालयात जमा करायला हवेत."

"कुरामोची," उदागावा म्हणाला, "तो माणूस बूट बदलायला परत इथेच आला तर?"

"तर त्याला कार्यालयात पाठव. वस्तू सापडली की जमा करायची. त्यात विचार कसला करायचा?"

निशिगाकी म्हणजे चाळीस वर्षांत तोफूचा एक तुकडाही कमी न दिलेला माणूस, तो काय बोलणार? त्याने मान हलवली. आम्ही त्याला ताडपत्रीवर, मोज्यांवर, उरलेल्या भाताच्या मुटक्यांसह बसवलं आणि मी दोन हातांत दोन बूट घेऊन निघालो.

कार्यालय बाराशे मीटरवर आहे. मुसाशिहारा उद्यान किती मोठं आहे हे हातात दुसऱ्याचे बूट घेऊन चालल्याशिवाय समजत नाही. येणारे जाणारे आधी बुटांकडे, मग माझ्या पायांकडे आणि मग सभ्यपणे झाडांकडे बघत होते.

खिडकीशी याबुकी नावाची मुलगी होती. छातीवर नाव, समोर दोन प्रकारचे अर्ज.

"सापडलेली वस्तू आहे का?"

"हो."

"मालक माहीत आहे?"

"नाही. पण मालक माझ्या मित्राचे बूट घालून गेलाय."

तिने लेखणी उचलली. "ते वेगळं प्रकरण, साहेब. आधी हे पूर्ण करू. तीन महिन्यांत मालक आला नाही तर हे बूट तुमचे होतील. तुम्हाला हा हक्क ठेवायचाय की सोडायचाय?"

"दुसऱ्याच्या झिजलेल्या बुटांवर हक्क सांगणारा माणूस वाटतो का मी?"

"म्हणजे सोडायचा. इथे सही करा. आणि इथे, आजोबा."

साहेबाचा आजोबा व्हायला मला तीन वाक्यं लागली. मी चौसष्ट वर्षांचा आहे. मी सही केली, जरा जोरात. तिने बुटांना चिठ्ठी बांधली, मागच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं.

"आता हरवल्याचा अर्ज," मी म्हणालो. "तपकिरी, साडेसव्वीस, नवे."

"नक्की. मालक तुम्ही?"

"माझा मित्र."

"मालकाने स्वतः यायला हवं."

"तो येऊ शकत नाही."

"आजारी आहेत का?"

"बूट नाहीत."

याबुकीने यावर खरोखर मनापासून विचार केला. तिचा चेहरा उजळला. "मग त्यांनी तात्पुरते हे—" तिने कपाटाकडे हात केला आणि तो हात मध्येच थांबला. "नाही. हे आता जमा झालेत. आणि तुम्ही हक्क सोडलाय."

आम्ही दोघं काही क्षण त्या कुलपाकडे बघत उभे राहिलो. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कणव होती आणि मला तीच जास्त लागली.

"मी घोषणा करू शकते," ती म्हणाली.

दोन पन्नासला घोषणा झाली. मऊ, गोड आवाजात, दोन वेळा: "आपल्या पायातले बूट आपले नसावेत असं ज्या पाहुण्यांना वाटत असेल, त्यांनी कृपया एकदा खाली पाहावं."

मी कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभा होतो. समोरच्या मैदानात हजारभर माणसं असतील. लाल पानं, पिवळी पानं, निळं आकाश, आणि तेवढ्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. पानांचे फोटो काढणाऱ्यांच्या गेल्या, सायकलवाल्यांच्या गेल्या, नावेत बसलेल्यांच्याही. क्षणभर त्या उद्यानात पानांकडे कोणीच बघत नव्हतं. मीही पाहिलं. माझे माझेच होते.

दहा मिनिटांत तीन जण कार्यालयात आले. तिघांच्याही पायात खरोखरच दुसऱ्यांचे बूट होते आणि तिघांपैकी एकाचेही निशिगाकीचे नव्हते. एका गृहस्थांचा तर एक बूट काळा आणि एक निळा होता आणि ते सकाळपासून तसेच हिंडत होते. हे पाहून मला एकूण मानवजातीविषयीच धसका बसला.

परत आलो तर ताडपत्रीजवळ वेगळंच प्रकरण.

मी नसताना उदागावाने स्वतःच्या डोक्याने काम केलं होतं. तळ्याकाठी चहा पिण्याची बैठकीची खोली आहे, तिच्या मागच्या शौचालयातून तो सपाता घेऊन आला होता. त्याच त्या, देशभर सगळीकडे असतात त्या: हिरव्या, प्लॅस्टिकच्या, चवड्यावर सोनेरी अक्षरांत 'शौचालय' लिहिलेल्या. त्या हिरवळीवर होत्या आणि त्यांच्यापासून दोन हात लांब इसोगाई उभी होती, तोंडावर रुमाल.

"त्या शौचालयातल्या आहेत," ती मला म्हणाली, मला वाचता येत नसल्यासारखं.

"अगं, रबरच आहे ना?" उदागावा म्हणाला. "धुवून आणल्यात."

"धुवून आणल्या म्हणून काय झालं? शौचालयातली सपाता शौचालयाच्या उंबऱ्याच्या आत राहते. माझ्या सरायीत एकदा एक पाहुणे विसरून त्या घालून जेवणघरापर्यंत आले. मी चटया बदलल्या. सगळ्या! बारा चटया!"

"मग निशिगाकीने काय उडत जायचं का?"

"ताडपत्रीवर आणू नकोस म्हणते ना!"

निशिगाकी ताडपत्रीच्या मधोमध बसून दोघांकडे आलटून पालटून बघत होता. मग तो उठला, कडेपर्यंत आला, आणि मोठा श्वास घेऊन सपातांत उतरला. थंड पाण्यात उतरावं तसा.

"बसतात," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, अपराध्यासारखं, "चावत नाहीत."

कार्यालयापर्यंतचे बाराशे मीटर आम्ही चौघं चाललो. उदागावा पुढे, कारण त्याच्या मागे माणूस दिसत नाही. इसोगाई दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखी. एका लहान मुलीने मोठ्याने सांगितलं, "आई, ते आजोबा संडासातून तसेच बाहेर आले." आईने तिचं तोंड दाबलं आणि आम्हाला वाकून नमस्कार केला. तोवर मला वाटत होतं की सहलीच्या प्रमुखाला होऊ शकणारा अपमान होऊन गेलाय. नव्हता झालेला.

कार्यालयात याबुकीने निशिगाकीकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि अर्जात डोकं घातलं. अर्ज पूर्ण झाल्यावर तिने आपणहून सगळीकडे फोन लावले आणि पावणेचारला बातमी आली.

बूट सापडले होते. निशिगाकीने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

हकिगत अशी. हायकू मंडळातले ते गृहस्थ पश्चिम दरवाजाने बाहेर पडले आणि बसथांब्याच्या पायऱ्यांवर त्यांचा बूट पायातून निसटला. त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच मागे फिरले. पण तिकिटावर एकदाच आत जाता येतं. दरवाजावरच्या माणसाने अत्यंत नम्रपणे सुचवलं की समोरच पोलीस चौकी आहे. गृहस्थांनी चौकीत बूट पायातून काढले, पुसले, जमा केले, हक्क सोडला, सही केली आणि मोज्यांवर बसमध्ये चढले. चढताना चालकाची माफी मागितली, प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्यांचीही मागितली असावी. हे सगळं घोषणेच्या आधी पंधरा मिनिटं.

"मग चौकीतून घेऊन येऊ," मी म्हणालो.

याबुकीने फोनवर हात ठेवला. "चौकीतल्या वस्तू रोज तीनला मुख्य ठाण्यात जातात. आजच्या गेल्या. तिथली खिडकी उद्या सकाळी साडेआठला उघडेल."

या सगळ्यात एकही चोर नव्हता, हे माझ्या मनात आलं आणि मी खुर्चीवर बसलो. एखादा चोर असता तर बरं झालं असतं. इथे ज्याने त्याने आपलं काम चोख केलं होतं. इसोगाईने बूट नीट लावले. मी सापडलेली वस्तू जमा केली. त्या गृहस्थांनीही केली. आणि आता दोन प्रामाणिक माणसं बुटांविना होती आणि बुटांचे दोन जोड दोन वेगळ्या कुलपांत.

"ते नीट आहेत ना?" निशिगाकीने विचारलं.

"हो," याबुकी म्हणाली. "लोखंडी कपाटात आहेत."

"ओले बिले झाले नाहीत ना?"

"नाही, आजोबा."

"बरं," निशिगाकी म्हणाला.

उदागावाने मग तेच सांगितलं जे कोणाही शहाण्या माणसाने सांगितलं असतं: टॅक्सी करू, स्टेशनवरच्या दुकानातून कसले तरी बूट घेऊ. तपकिरी घेऊ, चिहायाला काय कळतंय.

शाळेपासून मी निशिगाकीला ओळखतो. त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. तेव्हाही फारसा चढला नाही. तो म्हणाला, "ती माझ्या पायाकडे बघेल. दुसरेच बूट घालून आईचे म्हणून दाखवू? त्यापेक्षा ह्या बऱ्या. ह्यांच्यावर निदान काय आहे ते लिहिलंय."

इसोगाईने रुमालाने तोंड पुसलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

साडेचारला बंद होण्याचं संगीत वाजायला लागलं. मी, अजूनही सहलीचा प्रमुख, याबुकीला म्हणालो की या सपाता उद्यानाच्या मालकीच्या आहेत आणि बाहेर नेण्यासाठी परवानगीचा काही अर्ज असेल तर मी भरतो. उदागावाने माझ्या पाठीत बोट खुपसलं. याबुकी बराच वेळ आपल्या कागदांकडे बघत राहिली.

"कुठल्या सपाता?" ती म्हणाली. "मी इतका वेळ अर्जच वाचतेय. मला काही दिसलं नाही."

दिवसभरात नियम मोडलेला तेवढा एकच. दक्षिण दरवाजावरच्या माणसाने निशिगाकीला इतरांपेक्षा जरा जास्त वाकून निरोप दिला.

मात्सुनोएत आम्ही पाच दहाला पोचलो, मुद्दाम लवकर. बेत माझा होता. तिथे आत चटया आहेत, म्हणजे बूट दारातच काढायचे. पायताण सांभाळायला एक माणूस असतो. तो ते फडताळात ठेवतो आणि लाकडी बिल्ला देतो. चिहाया येण्याआधी सपाता एकदा फडताळात गेल्या की साडेपाचपासून सगळेच मोज्यांवर! निशिगाकीचे मोजे नवे होते. जाताना आपण शेवटी निघायचं. बेतात कुठे खोट नव्हती.

पायताण सांभाळणारे म्हातारबुवा गुडघ्यांवर बसले. 'शौचालय' ही अक्षरं त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आली. त्यांच्या भुवईचा केसही हलला नाही. त्यांनी सपाता दोन्ही हातांनी उचलल्या, वरच्या फळीवर तोंडं बाहेर करून ठेवल्या आणि बिल्ला दिला. सतरा नंबर. मी मनातल्या मनात त्या माणसाला निवृत्तिवेतन मंजूर केलं.

पाच चोवीसला चिहाया आली. तिने बापाला मोज्यांवर उभा पाहिला, कोटाची कॉलर सरळ केली आणि हळूच विचारलं, "बाबा, बूट चावले नाहीत ना?"

"नाही," निशिगाकी म्हणाला. "अजिबात नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी त्याचे कान लाल झाले.

साडेपाचला तोगाशी कुटुंब आलं. मुलगा बारीक आणि घाबरलेला. आई हसरी. थोरले तोगाशी म्हणजे चेरीच्या बागांचे मालक, गावच्या पंचायतीत वीस वर्षं. रुंद, ताठ, एकदा बोलले की दोन मिनिटं गप्प राहणारे. त्यांनी दारात काढलेले बूट आरशासारखे होते. मंडळी सज्जाकडच्या खोलीत गेली आणि सरकतं दार लागलं.

आम्ही तिघं घरी जायला हवं होतं. पण पाय निघेना. उपाहारगृहाच्या मालकीणबाईंनी दाराजवळच्या बाकावर बसायला परवानगी दिली आणि चहाही दिला. तिथून फडताळ दिसत होतं, आतला बोळ दिसत होता आणि बोळाच्या टोकाला शौचालयाचं दार.

आतून सुरुवातीला काहीच ऐकू येईना. मग थोरल्या तोगाशींचा आवाज, मग शांतता. सव्वासहाला पहिल्यांदा हसू आलं, बायकांचं. इसोगाई म्हणाली, "लागतंय हळूहळू." साकेची सुरई दोनदा आत गेली, मग तिसऱ्यांदा गेली. मी पहिल्यांदा पाठ टेकली.

सहा पन्नासला उदागावा म्हणाला, "सतरा नंबर कुठेय?"

मी वर पाहिलं. वरच्या फळीवर सोळा होता, अठरा होता, मध्ये रिकामं.

सहाला पाळी बदलली होती, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. म्हातारबुवा घरी गेले होते आणि त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ आले होते, तेवढेच नम्र. मी त्यांना विचारलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन, थोड्या अभिमानाने सांगितलं, "फार मोठा प्रसंग टळला साहेब. कोणी पाहुणे शौचालयातल्या सपाता घालूनच दारापर्यंत आले असावेत आणि त्या चुकून पाहुण्यांच्या फडताळात गेल्या. वरच्या फळीवर! कोणाची लाज जाऊ नये म्हणून मी कोणाला न सांगता त्या होत्या तिथे नेऊन ठेवल्या."

"कुठे?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"शौचालयात."

इसोगाईने डोळे मिटले. उदागावा आपल्या नारिंगी बुटांच्या नाड्या सोडायला लागला. आत जाऊन घेऊन येतो म्हणाला. पण एकोणतिसाच्या बुटांच्या नाड्या लांब असतात. मी म्हणालो की आपण आतले पाहुणे नाही, आधी मालकीणबाईंना विचारायला हवं. त्या स्वयंपाकघरात होत्या. मी वाट पाहिली. नंतर उदागावा मला याबद्दल जे बोलला ते इथे लिहीत नाही.

सात अठराला सज्जाकडच्या खोलीचं दार सरकलं आणि थोरले तोगाशी बाहेर आले. चेहरा लालबुंद, चाल अजूनही ताठ. बोळातून चालत गेले. शौचालयाचं दार उघडलं, लागलं.

सात बावीसला ते बाहेर आले. त्यांच्या पायात हिरव्या सपाता होत्या.

उंबऱ्यावर त्या काढून ठेवायच्या असतात. हे आमच्याकडे तीन वर्षांच्या मुलाला शिकवतात. थोरले तोगाशी, वीस वर्षं पंचायतीत, विसरले. ते तसेच चटयांच्या बोळातून आले, फटक फटक, आमच्यासमोरून, 'शौचालय' ही अक्षरं पुढे करून. पायताण सांभाळणाऱ्या गृहस्थांनी भिंतीकडे तोंड केलं. इसोगाईने माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे अजून वळ आहे. आमच्यापैकी कोणीही आवाज केला असता तर चार पावलांत सगळं निस्तरलं असतं. पण पहिल्यांदाच भेटणाऱ्या व्याह्याला, परक्याने, ओरडून, अशा गोष्टीबद्दल? कसं सांगायचं? त्यासाठी आपल्याकडे शब्दच नाहीत.

दार सरकलं. ते आत गेले. दार अर्धवट उघडं राहिलं.

आत एकदम शांत झालं. मी पाण्याच्या खात्यात असताना मुख्य नळ बंद केल्यावर पूर्ण वस्तीत अशी शांतता पसरायची.

मग निशिगाकीचा आवाज आला. शांत, स्पष्ट, दुकानात तोफू तोलून देताना असायचा तसा.

"तोगाशीसाहेब, माफ करा. त्या माझ्या आहेत."

आतल्या कोणीतरी दार आतून पूर्ण लावलं. कोणी, ते दिसलं नाही.

सात वाजून एकतीस मिनिटांपर्यंत आतून काहीही ऐकू आलेलं नाही. पोलीस ठाण्याची खिडकी उद्या सकाळी साडेआठला उघडते. इसोगाई उठली आहे आणि फडताळातले तोगाशी कुटुंबाचे बूट सरळ लावते आहे. तिला अडवण्याची ताकद आमच्यापैकी कोणातही उरलेली नाही.